लव्हेंडरच्या शेताला कासचे पठार हा पर्याय नव्हे

उन्हाळी सुट्टीच्या बेतात लव्हेंडरच्या शेतांचा विषय निघाला, की वर्सोव्यासारख्या उपनगरातील मराठी घरांत एक ठरलेले उत्तर पुढे येते: जांभळी फुले पाहायला फ्रान्सला किंवा जम्मूकडच्या डोंगरांत जायचे कशाला, साताऱ्याजवळ कासचे पठार आहे, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कारवी फुलते, आणि हे सारे थोडक्या खर्चात, एक-दोन दिवसांत पाहून परतता येते. या उत्तरात काटकसर आहे, आपल्या मातीचा अभिमान आहे आणि दूरच्या विमानप्रवासाने हवेत जाणाऱ्या कर्बाची जाणीवही आहे. त्यामुळे ते सर्व बाजूंनी निर्दोष वाटते आणि त्याला सहसा कोणी हरकत घेत नाही. प्रस्तुत लेखाची हरकत याच उत्तराला आहे. लव्हेंडरच्या शेताऐवजी कास सुचवणे हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे आहे, ऋतुमानाच्या हिशेबात बसणारे नाही, आणि ज्या पठाराचा अभिमान म्हणून ते सुचवले जाते त्याच पठाराला अपाय करणारे आहे.

वादाचे मूळ हे, की दोन्ही ठिकाणे 'निसर्ग' या एकाच सदरात घातली जातात. वास्तविक लव्हेंडरचे शेत हे ऊस किंवा द्राक्षाच्या मळ्यासारखेच लावलेले पीक आहे. दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रदेशात, विशेषतः व्हालाँसोल नावाच्या पठारावर, जून-जुलैत क्षितिजापर्यंत गेलेले जे जांभळे पट्टे छायाचित्रांत दिसतात, त्यांतील बहुतेक झाडे खऱ्या लव्हेंडरची नसून लव्हांदँ नावाच्या संकराची असतात. खरे लव्हेंडर थंड, उंच डोंगरउतारांवर चांगले येते. त्याचा सखल भागातील रुंद पानांच्या जातीशी संकर होऊन लव्हांदँ तयार होते, जे आकाराने मोठे, तेलाला अधिक आणि यंत्राने कापायला सोयीचे असते. हा संकर वांझ असतो, म्हणजे त्याला उगवणारे बी धरत नाही, म्हणून फांद्यांचे छाट लावून एकाच झाडाच्या हजारो प्रती केल्या जातात. सारखी उंची, सारखा रंग आणि एकाच वेळी येणारा बहर, हे डोळ्यांना मोहवणारे सगळे गुण या छाटांमधून आलेले असतात. ओळींमधले अंतर कापणीच्या यंत्राच्या मापाने ठरते. आणि बहर ऐन भरात असतानाच फुले कापून ती ऊर्ध्वपातनाच्या भट्टीत, म्हणजे वाफेच्या साहाय्याने तेल वेगळे काढणाऱ्या पात्रात, घातली जातात. काही वर्षांनी तेलाचा उतारा घटला की झाडे उपटून नवी लावली जातात. एकाच झाडाच्या प्रतींनी भरलेल्या शेतांवर रोग लवकर पसरतो, आणि तुडतुड्यांमार्फत येणाऱ्या एका रोगाने फ्रान्समधील लव्हेंडर उत्पादकांना गेली काही दशके जेरीस आणले आहे, हेही त्या शेतांचे वर्णन करताना सांगितले पाहिजे.

यात लव्हेंडरच्या शेताला कमी लेखण्याचा हेतू नाही. माणसाने कष्टाने उभे केलेले सुंदर पीक पाहायला जाणे ही पूर्णपणे मान्य करण्याजोगी इच्छा आहे, आणि शेत असल्यामुळेच ते ठिकाण पाहुणे सोसू शकते. तिथे पाय पडून चार झाडे मोडली, तर नुकसान एका मालकाचे होते. तो मालक प्रवेशाचे पैसे घेऊ शकतो, नको त्याला मज्जाव करू शकतो, आणि पुढच्या हंगामात मोडलेल्या जागी नवे छाट लावू शकतो. कासला यांतले काहीही लागू पडत नाही.

कासचे पठार साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. त्याचा माथा जांभा दगडाचा आहे. मूळच्या काळ्या बेसाल्ट खडकाची पावसाने आणि उष्णतेने लाखो वर्षे झीज होऊन त्यातील लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरली, की हा सच्छिद्र, तांबूस दगड तयार होतो. त्यावर मातीचा थर बहुतेक ठिकाणी काही सेंटीमीटरच असतो. पावसाळ्यात हा थर पाण्याने तुडुंब भरतो, पाऊस संपला की काही आठवड्यांत कोरडा पडतो, आणि त्यात वनस्पतींना लागणारे नत्र अत्यंत थोडे असते. म्हणूनच तिथे निळ्या-जांभळ्या छटेची 'सीतेची आसवे' ही वनस्पती जमिनीतल्या सूक्ष्म पिशव्यांत बारीक जीव पकडून नत्राची उणीव भरून काढते, आणि 'दवबिंदू' पानांवरच्या चिकट थेंबांनी कीटक अडकवते. पांढरे गेंद, गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, कवळा, खडकातल्या डबक्यांत येणारा आणि शास्त्रीय नावात साताऱ्याचे नाव धारण करणारा वायतुरा, अशा सुमारे ८५० सपुष्प वनस्पतींची नोंद या परिसरात झालेली आहे. पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत महाराष्ट्रातील चार आहेत आणि कास त्यांपैकी एक आहे.

या फुलांपैकी पुष्कळशी वर्षायू आहेत. वर्षायू वनस्पती म्हणजे जी एकाच पावसाळ्यात उगवते, फुलते, बी टाकते आणि मरते. पुढच्या वर्षी तिच्या जागी जे उगवेल ते तिच्याच बियांतून. सप्टेंबरात छायाचित्रासाठी फुलांत बसलेली व्यक्ती ज्या रोपांना चिरडते, त्यांचे बी अजून तयार झालेले नसते, आणि म्हणून ते नुकसान त्या दिवसापुरते राहत नाही. शिवाय इतक्या पातळ मातीवर पुन:पुन्हा पावले पडली की ती दबून घट्ट होते, तिच्यात पाणी मुरत नाही आणि बी रुजत नाही. ही माती कोणी आणून टाकलेली नाही आणि कोणी परत आणून टाकू शकणार नाही. कुणी मालक उद्या नवे छाट लावील, अशी सोय तिथे नाही; म्हणून शेताला जी गर्दी केवळ त्रासदायक ठरते, ती पठाराला कायमचे उणे करून जाते.

'कासलाही जांभळा गालिचा असतो' असा प्रतिवाद यावर केला जातो, आणि तो अर्धा खरा आहे. पाऊस उघडू लागला की पठाराच्या ओलसर भागांत जांभळी मंजिरी नावाची वनस्पती दाट फुलते आणि लांबून तो पट्टा खरोखरच लव्हेंडरसारखा दिसतो. दोघींचे नातेही आहे: जांभळी मंजिरी, लव्हेंडर आणि अंगणातली तुळस या तिन्ही एकाच वनस्पतिकुळातल्या आहेत, आणि ज्या पॅचौलीपासून अत्तराचे तेल निघते ती तर मंजिरीच्याच प्रजातीतली आहे. परंतु हा पट्टा कोणत्या आठवड्यात येईल, किती रुंद असेल आणि गेल्या वर्षीच्याच जागी असेल का, हे पावसाच्या उघडिपीवर ठरते. आज जांभळा दिसणारा उतार थोड्याच दिवसांत सोनकीने पिवळा झालेला असतो. शेतातला बहर ठरल्या वेळी, ठरल्या रंगात येतो, कारण शेतकऱ्याने तो तसा आणलेला असतो. ज्याला 'लव्हेंडरऐवजी' म्हणून कासला धाडले, तो प्रवासी जांभळे शेत शोधत येतो. ते न दिसल्यास त्याची निराशा होते, आणि दिसल्यास तो त्यात शिरतो. नखाएवढ्या फुलांजवळ गुडघे टेकून, बसण्याआधी जमीन तपासून पाहणारा प्रवासी या शिफारशीतून घडत नाही, आणि त्या पठाराला परवडणारा प्रवासी तर तेवढाच आहे.

आता दिनदर्शिकेचा प्रश्न, ज्याकडे या सल्ल्याचे पुरस्कर्ते अजिबात पाहत नाहीत. उन्हाळी सुट्टी म्हणजे महाराष्ट्रातील बहुतेक शाळांच्या हिशेबात मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा. राज्य मंडळाच्या मुंबईतील शाळा साधारण जूनच्या मध्यास उघडतात. मे महिन्यात कासला वाळलेले गवत आणि तापलेला जांभा यांखेरीज काही नसते. तिथला बहर ऑगस्टअखेरीस सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आटोपतो. म्हणजे उन्हाळी सहलीला पर्याय म्हणून जे ठिकाण सुचवले गेले, ते उन्हाळ्यात अस्तित्वातच नसते. हा सल्ला मानणारे कुटुंब आपली सहल अपरिहार्यपणे सप्टेंबरवर ढकलते, आणि सप्टेंबरात शाळा व कार्यालये चालू असल्यामुळे तिला शनिवार-रविवारखेरीज जागा उरत नाही. मुंबई, ठाणे आणि पुण्याहून निघालेल्या सगळ्यांचा हाच हिशेब असल्याने एका नाजूक पठारावर येणारा भार मोजक्याच दिवसांत एकवटतो. वनविभागाला दिवसाकाठी ३००० पर्यटकांची मर्यादा घालून आगाऊ नोंदणी सुरू करावी लागली ती याच कारणाने. मध्यंतरी पठाराभोवती जाळीचे कुंपण घालण्यात आले, नंतर ते काढण्यात आले, आणि कुंपणामुळे गुरांची चराई थांबून उंच गवत माजले व लहान फुले मागे पडली का, यावर अभ्यासकांत आणि गावकऱ्यांत बरीच चर्चा झाली. ज्या जागेचे रक्षण कसे करावे याविषयीच अजून शोध चालू आहे, तिथे परदेशवारी टाळलेल्या प्रवाशांचा ओघ वळवणे हा विचारपूर्वक दिलेला सल्ला म्हणता येणार नाही.

लव्हेंडरच्या बाजूनेही दिनदर्शिका सरळ नाही, आणि ज्या कुटुंबाला शेतेच पाहायची आहेत त्याने हे आधी जाणून घ्यावे. प्रोव्हान्समध्ये व्हालाँसोलचा बहर साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत असतो, आणि त्यानंतर कापणी वेगाने होते. सो गावाच्या उंच परिसरात तो उशिरा येतो, आणि तिथला लव्हेंडरचा उत्सव १५ ऑगस्टला भरतो. मे महिन्यात तिथे जाणाऱ्या मराठी कुटुंबाला हिरवी-करडी झुडपे दिसतील आणि ते हात हलवत परत येईल. पश्चिम उपनगरांतील ज्या शाळा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम चालवतात, त्यांच्या सुट्ट्या जून-जुलैत येत असल्याने त्या मुलांच्या पालकांना ही अडचण नाही. राज्य मंडळाच्या शाळेतील मुलांसाठी मात्र प्रोव्हान्सचा बहर आणि शाळेची सुट्टी यांचा मेळ जवळजवळ बसत नाही.

भदरवाहचा मेळ त्या मानाने बसतो. भदरवाह हे जम्मू विभागातील डोडा जिल्ह्यातले, सुमारे १६०० मीटर उंचीवरचे गाव असून, त्याच्या आसपासच्या उतारांवर गेल्या दीड दशकात मक्याच्या जागी लव्हेंडर आले. जम्मूच्या भारतीय समवेत औषध संस्थेने, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या तेथील प्रयोगशाळेने, शेतकऱ्यांना रोपे आणि ऊर्ध्वपातनाचे संच पुरवले, आणि परिषदेच्या अरोमा मिशनमधून या बदलाला बळ मिळाले. या घडामोडीला 'जांभळी क्रांती' असे नाव पडले आणि २०२२ च्या मे महिन्यात तिथे पहिला लव्हेंडर महोत्सव भरला. शेते डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची, लहान आणि विखुरलेली असल्याने व्हालाँसोलसारखा अखंड विस्तार तिथे नाही, आणि तशी अपेक्षा ठेवून जाणे हे कासवर लव्हेंडर शोधण्याइतकेच चुकीचे ठरेल. बहर जूनमध्ये भरतो आणि उंचीप्रमाणे पुढे रेंगाळतो, तेव्हा जूनचा दुसरा आठवडा हा राज्य मंडळाच्या शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी शक्य असलेला आणि फुले उमललेली सापडण्याची बरीच खात्री असलेला काळ आहे.

कर्बाचा आणि खर्चाचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. लव्हेंडर म्हणजे युरोप, युरोप म्हणजे विमान, आणि म्हणून कास, ही साखळी पहिल्याच कडीला तुटते, कारण वांद्रे टर्मिनसहून सुटणारी स्वराज एक्सप्रेस बोरिवलीला थांबून जम्मूमार्गे कटऱ्याला जाते, आणि वर्सोव्याच्या रहिवाशाला बोरिवली स्थानक काही परके नाही. जम्मूहून पुढचे सुमारे २०० किलोमीटर उधमपूर, चेनानी-नाशरीचा सव्वानऊ किलोमीटरचा बोगदा, बटोत आणि डोडा या वाटेने, डोंगरी रस्त्याने जातात व त्यात जवळजवळ पूर्ण दिवस मोडतो. डोडा जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत दहशतवाद्यांशी चकमकी झालेल्या आहेत आणि एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या हल्ल्यानंतर त्या प्रदेशातील प्रवासाविषयी लोकांच्या मनात धास्तीही आहे. म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी प्रशासनाच्या सूचना पाहणे आणि तेथील माणसांशी बोलणे हे बेताचे अंग मानले पाहिजे. परिस्थिती अनुकूल नसल्यास सहल एक वर्ष पुढे ढकलावी. लव्हेंडरचे झुडूप बारमाही आहे, ते पुढच्या जूनमध्येही त्याच बांधावर फुलणार आहे.

शेत पाहायला जाणाऱ्याने ते शेत म्हणून पाहावे, ही अपेक्षा मात्र ठेवली पाहिजे. मालकाची परवानगी घेऊन ओळींच्या मधून चालावे, फुलांवरच्या मधमाश्यांना त्यांचे काम करू द्यावे, आणि शक्य असल्यास भट्टी चालू असताना तिथे थांबावे, कारण कापलेल्या फुलांच्या केवढ्या राशीतून तेलाची केवढी बाटली भरते हे पाहिल्यावरच मका सोडून या पिकाकडे वळलेल्या शेतकऱ्याचे गणित समजते. तेथील तेल तिथेच विकत घेतले तर प्रवाशाचा पैसा ज्याने फुले पिकवली त्याच्या हाती पडतो.

आणखी एक आक्षेप अधिक वजनदार आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. कासवर गर्दी नको असे म्हणणे म्हणजे तेथील गावांच्या पोटावर पाय देणे आहे, असे काही जण म्हणतात. पठारावरील व्यवस्था आसपासच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या पाहतात, त्यांतून तरुणांना हंगामी काम मिळते, आणि रस्त्यालगतची घरगुती जेवणे व मुक्कामाच्या सोयी यांवर अनेक कुटुंबे अवलंबून आहेत, हे खरे आहे. परंतु या गावांचे हित ३००० माणसे एका रविवारी येण्यात नसून तीच माणसे हंगामाच्या आठवड्यांत विभागून येण्यात, स्थानिक वाटाड्याला सोबत घेण्यात आणि एक रात्र मुक्काम करण्यात आहे. पठार उणे झाले तर गावांचे उत्पन्नही त्याच्याबरोबर जाईल. कासला जायचेच नाही, असे या लेखाचे म्हणणे नाही. जो कासला जाईल त्याने कासच पाहायला जावे, सप्टेंबरात, आठवड्याच्या मधल्या वारी, दोन दिवस हाती ठेवून, वाट न सोडता जावे. उन्हाळ्यात हुकलेल्या दुसऱ्या कशाची भरपाई म्हणून जाऊ नये. नाजूक जागेचे मोल वर्सोव्याला समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही, कारण २०१५ पासून लोकांनी आपल्या हातांनी कचरा उपसलेल्या त्याच किनाऱ्यावर मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले अंड्यांतून बाहेर पडली, आणि ती समुद्रापर्यंत पोहोचली याचे कारण त्या वेळी माणसांनी त्यांना वाट मोकळी ठेवली, हे त्या वस्तीने पाहिलेले आहे.

राहता राहिली कारवी, जिचे नाव या वादात कासच्या जोडीला घेतले जाते. कारवी हे सह्याद्रीच्या उतारांवर दाट वाढणारे झुडूप. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, बोरिवलीच्या कान्हेरीपासून ठाण्याच्या येऊरपर्यंत, ते सर्वत्र आहे, आणि त्याच्या सरळ काठ्यांवर माती-शेण लिंपून आदिवासी घरांच्या कुडाच्या भिंती उभ्या राहत आल्या आहेत. ते सात वर्षे केवळ पाने धरते आणि आठव्या वर्षी सगळे डोंगर एकदम निळ्या-जांभळ्या फुलांनी भरून टाकते, त्यानंतर बी धरून मरते. अशा एकाच वेळच्या सामूहिक बहराचे एक कारण असे सांगितले जाते, की एकदम इतके बी तयार झाल्यावर ते खाणाऱ्या किड्यांना व प्राण्यांना सगळे संपवता येत नाही आणि उरलेल्यातून नवी पिढी उगवते. मुंबई परिसरात हा बहर २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये आला. पुढचा २०३२ मध्ये अपेक्षित आहे. २०२५ नंतरच्या कोणत्याही उन्हाळ्यात लव्हेंडरचा बेत करणाऱ्याला 'त्यापेक्षा कारवी पाहा' असे सांगणे म्हणजे त्याला काही वर्षे थांबायला सांगणे आहे.

तरीही ती वर्षे वाया जाणारी नाहीत, कारण २०३२ च्या पावसाळ्याची तयारी आतापासून करता येण्यासारखी आहे आणि ती उद्यान प्रशासनाने व उपनगरांतील निसर्गसंस्थांनी करावी, असा या लेखाचा आग्रह आहे. कोणते उतार लोकांना दाखवायचे आणि कोणते पूर्ण बंद ठेवायचे हे बहर येण्यापूर्वी ठरले पाहिजे. आदिवासी पाड्यांतील माणसांना वाटाडे म्हणून शिकवून तयार केले पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही बंदी फुले गळताच उठवता कामा नये. कारवीचे बी वाळलेल्या बोंडांत हिवाळा आणि उन्हाळा काढते आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या पावसात बोंडे तडकून बाहेर उडते. त्यामुळे वाळक्या काड्यांचे दिसणारे ते उतार जून २०३३ चा पाऊस पडेपर्यंत पायवाटांपासून, जळणासाठी होणाऱ्या तोडीपासून आणि वणव्यापासून राखले गेले, तरच त्यापुढच्या बहराच्या वेळी, २०४० मध्ये, बोरिवलीच्या डोंगरात पुन्हा पाहण्यासारखे काही असेल.